गांवांचीं नांवें व आमचें आडनांव

मनुष्य जातो, वाडा पडतो, राज्य बदलतें, नदीसुद्धां पात्र सोडून सरकते. परंतु गांवाचें नांव सहसा जागचें हालत नाहीं. घराण्यांत पणजोबांच्या पलीकडचें नांव विचारलें तर श्राद्धाच्या वहीखेरीज दुसरा आधार सांपडत नाहीं. पण ज्या गांवांत ते पणजोबा राहिले त्या गांवाचें नांव घरांतील लहान मूलही रोज उच्चारीत असतें. इतक्या नित्य परिचयाच्या शब्दाचा अर्थ काय, हें मात्र आपणांपैकीं फारच थोड्यांनीं कधीं विचारलेलें असतें. आम्हांवर तो विचार करण्याची वेळ आली ती घरांतील एका प्रश्नामुळें. आणि तो प्रश्न पुष्कळ कुटुंबांत आज ना उद्यां निघणारा असल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें घराणें मूळ जिंतूरचें. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील हा तालुक्याचा गांव. एका अंगास डोंगराच्या रांगा, दुसऱ्या अंगास पूर्णा नदी, आणि मधल्या काळ्या जमिनींत कापूस, जोंधळा व तूर हीं पिकें. पूर्वीं हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व घरांतील वडील मंडळी त्यास 'मोगलाई' असेंच म्हणत. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य हिंदुस्थानांत विलीन झालें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. आमचे आजोबा विलीनीकरणाच्या आधींच्या धामधुमीच्या दिवसांत मुलांमाणसांसह हद्द ओलांडून सोलापुराकडे आले आणि पुढें पुण्यास स्थायिक झाले. जिंतुरांत असतांना ते कुलकर्णी होते. पुण्यास आल्यावर जिंतूरकर झाले.

हा फरक वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण त्यांत एक मर्म आहे. जो गांवांत राहतो त्यास गांवाचें नांव कधीं लागत नाहीं. जिंतुरांत कोणास जिंतूरकर म्हणण्याचें कारण काय? तेथें सारेच जिंतूरचे. गांव मागें टाकून मनुष्य परक्या पेठेंत बिऱ्हाड करतो, तेव्हां शेजारी विचारतात, 'हे कोठले?' आणि त्या प्रश्नाचें उत्तर पुढें त्याचें आडनांव होऊन बसतें. पाथरीकर, सेलूकर, चारठाणकर हीं सारीं आडनांवें गांव सोडलेल्यांचीं होत. आपल्या समाजांत 'कर' लागलेलीं घराणीं किती आहेत हें मोजलें, तर आपण किती फिरस्ते लोक आहों तें ध्यानांत येईल.

गेल्या नवरात्रांत कुळधर्मासाठीं घरचीं सारीं मंडळी एकत्र जमलीं होतीं. आमच्या धाकट्या पुतण्यास त्या वर्षीं पुत्र झाला होता व बाळाच्या जन्मनोंदीचा दाखला घ्यावयाचा होता. जेवणें आटोपल्यावर त्यानें विषय काढला, कीं बाळाचें आडनांव 'कुलकर्णी' असेंच लावावें. जिंतुरास आतां आपलें घर नाहीं, शेत नाहीं, तेथें जाऊन उभें राहिलें तर पाणी विचारणारें ओळखीचें कोणी नाहीं. मग मुलानें जन्मभर त्या गांवाचें ओझें कां वाहावें? त्यांतून परदेशांत तें नांव कोणास धड उच्चारतां येत नाहीं. मुलाच्या बोलण्यांत उद्धटपणा मुळींच नव्हता. त्याचा जन्म पुण्याचा, शिक्षण पुण्याचें. जिंतूर त्यानें एकदांच, तेंही मोटारींतून जातां जातां पाहिलेलें. आमच्या थोरल्या वहिनींचे डोळे मात्र भरून आले. आमच्या काकांस, म्हणजे घरांतील सर्वांत वडील पुरुषास, राग आला. ते म्हणाले, "ज्या नांवाचा अर्थ तुम्हांस ठाऊक नाहीं तें टाकायला निघालांत!" पुतण्यानें शांतपणें विचारलें, "मग काका, अर्थ काय तो तुम्ही सांगा." आणि येथेंच सगळे अडले.

मुलांनीं आपापल्या परीनें अर्थ लावण्यास आरंभ केला. एकीनें सांगितलें, तेथें तूर पिकते म्हणून 'जी तूर' ती जिंतूर. दुसरा म्हणाला, कोणी तरी तूर जिंकली असेल. काकांचें मत असें, कीं हें कोणा पौराणिक राजाच्या नांवावरून पडलेलें असावें व मुसलमानी अमलांत तें बिघडलें. वहिनींनीं आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, कीं ह्या गांवास पूर्वीं जैनपूर म्हणत व त्याचेंच जिंतूर झालें. ही शेवटची आख्यायिका जिंतुरांत आजही सर्वतोमुखीं आहे. ऐकतांना चारही उत्तरें सारखींच सोपीं वाटलीं. त्यांतलें खरें कोणतें मानावें ह्यासाठीं कांहीं कसोटी हवी. आणि ती शोधण्यांत आमचे पुढचे कित्येक आठवडे गेले.

गांवाच्या नांवाचा अर्थ केवळ कानानें लावूं नये, हा पहिला धडा. कान नेहमीं आजच्या भाषेंतला शब्द ऐकतो व नांव कालच्या भाषेंतलें असतें. म्हणून तीन गोष्टी पाहाव्या लागतात. नांवाचें जुन्यांत जुनें लेखी रूप कोणतें. त्या रूपापासून आजचें रूप भाषेच्या नियमानें निघतें कीं नाहीं. आणि त्या अर्थास जमिनीवर कांहीं साक्ष आहे काय. पैठणचें पाहा. प्राचीन लेखांत प्रतिष्ठान, प्राकृतांत पइट्ठाण, व दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासग्रंथांतही त्याच ध्वनीचें रूप. तिन्ही साक्षी जुळतात. त्याच ग्रंथांतील तगर तें धाराशिव जिल्ह्यांतील आजचें तेर. राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे लातूर. यादवांच्या लेखांतील सिंदीनगराचें सिन्नर झालें, कारण 'नगर' हा शब्द झिजतां झिजतां 'नर' एवढाच उरला. आमच्या शेजारच्या नांदेडचा उल्लेख वाशिमास सांपडलेल्या वाकाटकांच्या चौथ्या शतकांतील ताम्रपटांत नांदीकट असा आहे.

हीच कसोटी जिंतुरास लावली. तुरीची गोष्ट तात्काळ गळाली. तूर साऱ्या मराठवाड्यांत पिकते, मग एकाच गांवास तिचें नांव कां? पौराणिक राजास जमिनीवर कसलीच साक्ष नाहीं. वहिनींच्या गोष्टीस मात्र आहे, आणि ती डोंगराएवढी. जिंतुरापासून थोड्याच अंतरावर नेमगिरीचा डोंगर आहे. तेथें जैनांचीं प्राचीन लेणीं असून दारें इतकीं बुटकीं कीं वांकल्यावांचून आंत जातां येत नाहीं. आंत नेमिनाथ व पार्श्वनाथ ह्या बावीसाव्या व तेविसाव्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्ति आहेत. पैकीं पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ति एका लहानशा पाषाणावर तोललेली असल्यामुळें अधांतरीं असल्यासारखी भासते, व दूरदूरचे यात्रेकरू ती पाहण्यास येतात. 'जिन' हें तीर्थंकरांचेंच उपपद. 'जि' म्हणजे जिंकणें ह्या धातूपासून तें निघालें. ज्यानें इंद्रियें जिंकिलीं तो जिन. आपला मराठी 'जिंकणें' हा शब्दही त्याच धातूचा. तेव्हां मुलांचा तर्क अर्धा तरी खरा ठरला, फक्त जिंकणारा तुरीच्या मागें लागलेला नव्हता.

पूर्वार्ध असा लागला. उत्तरार्धांत मात्र एक गांठ आहे. 'पुर' शब्द झिजतो तेव्हां त्यांतला 'प' गळतो व 'ऊर' उरतो. मातापुराचें माहूर झालें तें ह्याच रीतीनें. त्या हिशेबानें जिनपुराचें 'जिनूर' व्हावें. 'प' चा 'त' होणें हें नियमांत बसत नाहीं. दुसऱ्या बाजूस, 'ऊर' हा कानडी व तेलुगु भाषांतील गांव ह्या अर्थाचा अस्सल शब्द आहे, आणि लट्टलूर, देगलूर असल्या नांवांनीं तो आमच्या मुलखांत खोलवर शिरलेला आहे. आज आपण ज्यास शुद्ध मराठी मुलूख म्हणतों तेथें एके काळीं कानडी राजांचें राज्य होतें व कानडी शिलालेख कोरले जात. म्हणजे जिंतुराच्या उत्तरार्धावर संस्कृत 'पुर' व द्राविडी 'ऊर' हे दोघेही हक्क सांगतात, व मधला 'त' दुसऱ्या पक्षाकडे थोडा अधिक झुकतो.

हा निकाल आम्हीं काकांस सांगितला तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. वैदिक ब्राह्मणाच्या घराण्यानें जिनाचें नांव मिरवावें व त्यास कानडी शेपूट असावें, हें त्यांच्या मनास रुचेना. तेव्हां आम्हीं त्यांस पाथरीची हकीकत सांगितली. पाथरी आमच्याच जिल्ह्यांतील गांव. फेरिश्ता ह्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे, कीं अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज मूळचे पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. त्या घराण्यांतील एक मुलगा कैद होऊन बहामनी राजाच्या पदरीं गेला, मुसलमान झाला व मलिक हसन ह्या नांवानें वजिरीस चढला. त्याचा पुत्र अहमद १४९० मध्यें स्वतंत्र सुलतान झाला. धर्म बदलला, भाषा बदलली, नांव बदललें, राज्य मिळालें. पण पाथरी विसरली नाहीं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीची मागणी केली, बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला, आणि नकार येतांच युद्ध करून ती घेतली. वाडवडिलांचें गांव आपल्या हातीं असावें एवढ्यासाठीं सुलतानानें लढाई करावी! काका हंसले व म्हणाले, "म्हणजे कुलकर्ण्याचा हट्ट तलवारींतही उतरला म्हणायचा." त्यांचा राग ओसरला तो तेथें.

ह्याच सुमारास आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीनें ह्या शोधांत भाग घेतला. ती स्थापत्याचें काम करते व दोन वर्षें इस्तंबूल शहरीं नोकरीस होती. तिच्या दूरध्वनीवरील गप्पांतून तुर्कांच्या देशांतील नांवांची जी माहिती मिळाली तिनें आमचा विचार एकदम पुढें नेला. निजामाच्या राज्याचा व तुर्कांचा संबंध वडील मंडळीस अपरिचित नाहीं. शेवटच्या तुर्की खलिफाची कन्या दुर्रुशेहवार १९३१ मध्यें निजामाच्या थोरल्या पुत्रास दिली होती. तोफ, चकमक, बेगम हे आपल्या बोलण्यांतले शब्दही मूळ तुर्कांचेच. परंतु त्यांच्या गांवांचीं नांवें आपल्या गांवांच्या नांवांशीं इतकीं जुळतील असें आम्हांस वाटलें नव्हतें.

पुष्कळ तुर्की शहरांचीं नांवें मुळांत तुर्की नाहींतच. कायसेरी हें रोमच्या सीझरचें गांव, एदिर्ने हें हेड्रियन बादशहाचें, इझमीर म्हणजे जुनें स्मर्ना. तुर्क आले, राज्य केलें, आणि जुनीं नांवें आपल्या जिभेला वळतील तशीं वळवून ठेवून घेतलीं. इस्तंबूल हें नांव तर ग्रीक भाषेंतील 'शहराकडे', 'शहरांत' अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून निघालें असें विद्वान मानतात. आसपासचा खेडूत 'कोठें निघालास?' ह्या प्रश्नास 'शहरांत' असें उत्तर देई, व तें उत्तरच शहराचें नांव झालें. १९३० पासून तेंच सरकारीही झालें. हें ऐकून आम्हांस आमच्याच आडनांवाची आठवण झाली. तेथें जाणाऱ्याच्या उत्तरांतून नगराचें नांव निपजलें. येथें आलेल्याच्या उत्तरांतून आमचें आडनांव.

जीं नांवें तुर्कांनीं स्वतः ठेविलीं तीं मात्र अगदीं शेतकऱ्याच्या डोळ्यांनीं ठेविलेलीं. 'कारा' म्हणजे काळा, 'आक' म्हणजे पांढरा, 'किझिल' म्हणजे तांबडा. 'हिसार' म्हणजे किल्ला, 'शेहिर' म्हणजे शहर, 'कोय' म्हणजे खेडें. त्यांची सर्वांत लांब नदी किझिलिर्माक, म्हणजे तांबडी नदी. आकशेहिर म्हणजे पांढरें शहर, एस्कीशेहिर म्हणजे जुनें शहर. अफ्योन काराहिसार म्हणजे अफूचा काळा किल्ला. 'अफ्योन' व आपली 'अफू' हीं एकाच घरचीं भावंडें. आपल्याकडे काय वेगळें आहे? गांवठाणाची ती पांढरी व शेताची ती काळी, हे शब्द मराठी कुणब्याच्या तोंडीं शेंकडों वर्षें आहेत. तालुक्यांतलीच बोरी घ्या. बोराटीवरून नांव पडलें हें सांगावयास पंडित नको. चारठाण्यास जुनीं देवळें, बारव व उंच दगडी स्तंभ आहेत. त्या नांवांतलें 'ठाणें' म्हणजे संस्कृतांतलें स्थान. आणि एका नांवाचीं दोन गांवें असलीं कीं थोरलें बुद्रुक व धाकटें खुर्द, हे दोन शब्द फारसी. पण ते परके आहेत हें कोणा खेडुताच्या स्वप्नांतही येत नाहीं.

नांवें बदलण्याचा हव्यासही दोन्हीकडे आहे. तुर्कस्तानांत अँतेपचें १९२१ मध्यें गाझियांतेप झालें, मराशचें १९७३ मध्यें कहरमानमराश, उर्फाचें १९८४ मध्यें शान्लिउर्फा. म्हणजे गाझी, वीर व शानदार अशा पदव्या मायदेशानें त्या गांवांस दिल्या. दियारबेकिर म्हणजे बक्र ह्या अरब टोळीचा मुलूख. त्याचें १९३७ मध्यें दियारबकिर केलें, कारण तुर्की भाषेंत 'बकिर' म्हणजे तांबें. एक अक्षर फिरवून टोळीच्या मुलखाचें तांब्याचें गांव केलें! आमच्या मुलांची तूर व तें तांबें एकाच जातीचें. फरक इतकाच, कीं तांब्यावर सरकारचा शिक्का बसला. पुढें १९५६ मध्यें तेथें मंडळ नेमून हजारों खेड्यांचीं ग्रीक, आर्मीनी, कुर्दी नांवें काढून टाकलीं. घरांत आजी एक नांव घेते व पाटीवर दुसरें असतें, अशीं गांवें तिकडे पुष्कळ आहेत असें आमच्या नातीनें सांगितलें.

इकडे देवगिरीचें दौलताबाद महंमद तुघलकानें केलें. मलिक अंबरानें १६१० मध्यें राजधानी केलेल्या खडकीचें त्याच्या पुत्रानें फतेहनगर केलें, १६५३ मध्यें औरंगजेबानें औरंगाबाद केलें, व २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर झालें. धाराशिवचें उस्मानाबाद व अंबाजोगाईचें मोमिनाबाद हीं निजामी अमलांतलीं. अंबाजोगाईनें आपलें नांव आधींच परत घेतलें, धाराशिवानें २०२३ मध्यें. ह्या फेरबदलांवर येथें कौल देण्याचा आमचा विचार नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट एवढीच, कीं राजाज्ञेनें पडलेलें नांव दुसरी राजाज्ञा बदलूं शकते. परंतु जें नांव कोणीं ठेविलें हें कोणासच सांगतां येत नाहीं, तें बदलण्याचें कोणास सहसा सुचत नाहीं. धाराशिव हा शब्द सरकारी कागदांतून जाऊनही घराघरांत टिकला. सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, बहामनी, निजाम ह्यांपैकीं कोणास जिंतुराचें नांव फिरविण्याची गरज भासली नाहीं. नांवाच्या मागें राजा नव्हता, म्हणून तें राजांपेक्षां अधिक जगलें.

दिवाळींत मंडळी पुन्हां जमलीं तेव्हां आम्हीं हें सारें क्रमानें सांगितलें. पुतण्यानें ऐकून घेतलें व नंतर जो प्रश्न केला तो खरोखर मर्माचा होता. तो म्हणाला, "काका, नांवाचा इतिहास मोठा आहे हें कबूल, पण तो जिंतुराचा इतिहास झाला. आमचा त्याच्याशीं आज संबंध काय?" ह्याचें उत्तर आम्ही देण्याच्या आधीं वहिनींनीं दिलें. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाळास उद्यां कोणी विचारील, तुम्ही कोण? तेव्हां कुलकर्णी म्हणाला तर आपला पूर्वज कोणत्या कामावर होता एवढें कळेल. वतनें गेलीं, तें कामही गेलें. जिंतूरकर म्हणाला तर आपण कोठून आलों तें कळेल. काम संपलें तरी वाट संपत नाहीं." येलदरीचें धरण पूर्णेवर बांधलें गेलें तेव्हां पाण्याखालीं जमिनी गेलेल्या कुटुंबांपैकीं एकाशीं वहिनींच्या माहेरचें नातें होतें. धरणामुळें उठलेलीं गांवें नव्या जागीं जातांना दुसरें कांहीं नेतां आलें नाहीं तरी नांव बरोबर नेतात, हें त्यांनीं पाहिलेलें होतें.

आम्हीं त्यांत आमचा एक शब्द जोडला. 'जिंतूरकर' ह्या पांच अक्षरांत पहिला शब्द जैनांचा, दुसरा बहुधा कानड्यांचा, तिसरा मराठ्यांचा. आणि तें वागविणारें घर ब्राह्मणाचें. गांवांतील मुसलमान शेजारी हेंच नांव आमच्यासारखेंच उच्चारतो. आमच्या देव्हाऱ्यांत जें एकत्र बसणार नाहीं, पंक्तींत जें एके काळीं एकत्र बसलें नाहीं, तें ह्या आडनांवांत कोणाची परवानगी न घेतां शेजारीं शेजारीं बसलें आहे. मुलास देण्यासारखी ह्याहून मोठी मिळकत आमच्याजवळ नाहीं. आणि हिला वांटणी लागत नाहीं, घसारा लागत नाहीं.

पुतण्यानें त्या रात्रीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, व आम्हीं आग्रहही धरला नाहीं. नांव हें लादावयाची वस्तु नव्हे. लादलेल्या नांवांची गति काय होते तें आम्हीं नुकतेंच सांगितलें होतें. दोन आठवड्यांनीं दाखला आला. त्यावर बाळाचें आडनांव जिंतूरकर होतें. सूनबाईंनीं वहिनींस कळविलें, कीं परीक्षा संपल्यावर मोठ्या मुलीस नेमगिरी दाखवावयाची आहे, तरी तुम्हीही बरोबर चलावें.

वाचकांपैकीं ज्यांच्या आडनांवांत एखादें गांव दडलेलें असेल त्यांनीं घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस त्याचा अर्थ एकदां अवश्य विचारावा. मिळालेलें उत्तर शास्त्राच्या कसोटीस उतरेल असें नाहीं. तरी तें लिहून ठेवावें. जैनपुराची आख्यायिका सासूकडून सुनेकडे आली नसती, तर आम्हीं नेमगिरीकडे कधीं पाहिलेंच नसतें.